चाखणीची सही

महाराजांनी माझ्या हातातला डाव सांडशीने काढून घेतला.

हाताने नाही. सांडशीने. मी दांडा धरला होता. त्यांनी डावाचं तोंड सांडशीत पकडलं आणि हिसका दिला. गरम डाळ माझ्या नव्या पांढऱ्या कोटावर सांडली. मग तो डाव त्यांनी भट्टीच्या निखाऱ्यात खुपसला आणि लाल होईपर्यंत तिथेच ठेवला. स्वयंपाकघरात आठ-नऊ माणसं होती. कांदे चिरणारा हात जरा थांबला होता, तो पुन्हा चालू लागला.

महाराज म्हणजे इस्पितळाचे मुख्य आचारी. वर्ध्याकडचे, जानवंवाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिले बाहेरचं काम द्या, बाई."

तो माझा डाएटिशियनच्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस होता.

भिलाईत तेव्हा पोलाद कारखान्याच्या दुसऱ्या टप्प्याचं बांधकाम चाललं होतं. सेक्टर वाढत होते, रस्ते रोज नवे फुटत होते, आणि त्या सगळ्याच्या कडेला व्यापाऱ्यांच्या एका ट्रस्टने शंभर खाटांचं इस्पितळ काढलं होतं. नाव सांगत नाही. आजारी माणसाला औषधासारखंच मोजून-मापून जेवण द्यायचं, ही कल्पना तेव्हा इकडे नवीन होती. त्यासाठी ट्रस्टने मुंबईत शिकलेली एक डाएटिशियन आणली. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. नागपूरच्या गृहविज्ञान कॉलेजातून पदवी घेतलेल्या तीन मुली त्यांच्या हाताखाली सहा महिने शिकायच्या. सहा महिने पुरे झाले की प्रमाणपत्र. प्रमाणपत्र असेल तरच नोकरी.

तिघींतली एक मी. आमच्या वस्तीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. माझा बाप कॅम्प-१ मध्ये राहणारा खलाशी. खलाशी म्हणजे दोरखंड लावून लोखंडाच्या तुळया वर चढवणारा मजूर. भंडाऱ्याकडच्या गावातून पाया खोदायला आला आणि इथलाच झाला. मला नोकरी लागली की तो दुसरी पाळी सोडणार होता. त्याच्या कमरेत उसण भरायची, रात्री कूस बदलताना कण्हायचा. हे सगळं त्या एका कागदावर अवलंबून होतं.

बाईंनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं की डाएटिशियनने पातेल्यातून स्वतः चाखल्याशिवाय ट्रॉली वॉर्डात जाता कामा नये. कागदावर बिनमिठाचं लिहिलं म्हणून पातेल्यात ते बिनमिठाचं असतंच असं नाही. साडेदहाला साध्या आणि पथ्याच्या जेवणाच्या चारही पातेल्यांतून चमचाभर घ्यायचं, जिभेवर ठेवायचं, आणि चाखणीच्या रजिस्टरात सही करायची. तिघींनी एकेक आठवडा पाळीपाळीने. असे आठ आठवडे भरले की प्रशिक्षणाच्या तक्त्यातला तो रकाना पूर्ण.

डाव निखाऱ्यात लाल होत होता तेव्हा बाई मला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. त्या वाईट वागल्या नाहीत, हेच तर सांगायचं आहे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. कोटावरचा डाग बघून हळहळल्या. माझी चूक नाही म्हणाल्या. पण महाराज रागावून गेले तर उद्या शंभर माणसांचं जेवण कोण रांधेल, हे मला त्यांनी विचारलं. जणू उत्तर मीच द्यायचं होतं.

मग म्हणाल्या, "आपण असं करू. तू उष्टं मोजायचं काम घे. तेही शास्त्रच आहे. आणि तुझ्या आठवड्यात चाखणीच्या रजिस्टरात सही तेवढी करत जा. तक्ता अडायला नको."

मी हो म्हणाले.

आज कुणी विचारलं की सगळ्यात मोठा अपमान कोणता, तर मी सांडशीचं नाव घेत नाही. त्या 'हो'चं घेते.

स्वयंपाकघराच्या मागे मोरी होती. तिथे चार बादल्या आणि एक तराजू. वॉर्डातून ताटं परत आली की कुणी किती टाकलं ते मोजायचं. भात एका बादलीत, डाळ-भाजी दुसरीत, दूध-खीर तिसरीत, पोळ्या चौथीत. वॉर्डाप्रमाणे ग्रॅम लिहायचे. हे काम तिघींनी वाटून करायचं होतं. एक आठवडा कुसुमने केलं. कुसुम म्हणजे माझ्याबरोबरची मुलगी, अमरावतीच्या हेडक्लार्कची. तिला वास सहन होईना. दुसरीने एक दिवसही केलं नाही. मग ते माझंच झालं. रोज, दोन्ही वेळा.

माझी आजी गावात लग्नाच्या पंगती उठल्या की टोपली घेऊन मागच्या दारी उभी राहायची. पत्रावळींवरचं उरलेलं टोपलीत पडायचं. माझ्या बापाने लहानपणी ते खाल्लेलं आहे. नागपूरला दीक्षा घेऊन आला त्या दिवशी त्याने घरात एकच नियम केला. या घरात उष्टं येणार नाही. इतका कडक की मायने माझ्या ताटातली अर्धी भाकर उचलली तरी ओरडायचा. आणि त्याची पदवीधर पोरगी पांढरा कोट घालून शंभर माणसांच्या उष्ट्यात कोपरापर्यंत बुडाली होती. घरी मी सांगायची, स्वयंपाकघरात शिकून राहिली म्हणून. बाप वस्तीत सांगायचा, माझी पोरगी दवाखान्यात डॉक्टरच्या बरोबरीने आहे.

दर तिसऱ्या आठवड्यात माझी चाखणीची पाळी यायची. मी मोरीवरून हात धुऊन यायची, दाराबाहेर उभी राहायची. कुसुम रजिस्टर आणून द्यायची. मी सही करायची. 'चारही पातेली चाखली.' खाली माझं नाव, झोकदार. आत कुणीच चाखलेलं नसायचं. कुसुम म्हणाली होती की तुझ्या आठवड्यात मी चाखीन, पण सही तुझी आणि कष्ट माझे असं किती दिवस चालणार. दुसऱ्या वेळेपासून तिने सोडून दिलं. मला ते माहीत होतं. पण मी काही बोलले नाही.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. बायकांच्या वॉर्डात सुकवारो नावाची एक रेजा होती. रेजा म्हणजे बांधकामावर घमेली वाहणारी बाई. दुर्गजवळच्या खेड्यातली, पस्तिशीची असेल. मूत्रपिंडाचा आजार. चेहरा, पाय सुजलेले. तिला कडक अळणी जेवण होतं. मिठाचा कणही वर्ज्य. पण तिची सूज दोन आठवडे उतरायची आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा चढायची. डॉक्टर औषधं बदलत होते.

अळणी जेवण कुणी खात नाही. हे मला पुस्तकातून नाही, बादलीतून कळलं होतं. अळणी डाळीच्या वाट्या अर्ध्याअधिक भरलेल्या परत यायच्या. बहुतेक दिवशी तेच. त्या सोमवारी मात्र सगळ्या वाट्या रिकाम्या आल्या, बोटाने पुसून घेतल्यासारख्या. मंगळवारीही तसंच. मी तराजू तसाच ठेवला आणि मागची पानं उलटली. दोन महिन्यांचे आकडे. दोन आठवडे वाट्या भरलेल्या, तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या. पुन्हा दोन आठवडे भरलेल्या, पुन्हा एक रिकामा. सगळे आकडे माझ्याच अक्षरात होते. मी नुसते लिहीत होते, वाचत नव्हते.

रिकामा आठवडा माझ्या पाळीचा होता. प्रत्येक वेळी.

बुधवारी दुपारी मी वॉर्डात गेले. सुकवारो उशीला टेकून बसली होती, डोळे सुजून बारीक झालेले. मला बघून हसली.

"आज के दार बने लागिस, नोनी," म्हणाली. आजची डाळ छान लागली, पोरी.

तिच्या वाटीत तळाला घासभर डाळ उरली होती. मी वाटी उचलली. मोरीवर आले. आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. मी बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

खारट. चांगली चवदार, नीट मीठ घातलेली डाळ.

चार महिन्यांत या इस्पितळाचं अन्न मी पहिल्यांदा चाखलं ते असं. पातेल्यातून नाही. दुसऱ्याच्या उष्ट्या वाटीतून. मला भडभडून आलं. मी मोरीवर ओणवी झाले आणि ओकले. मिठाने नाही, आजीच्या टोपलीने.

आता जे सांगते ते सांगायला मला अजून जड जातं. मी त्याच क्षणी धावत जायला हवं होतं. डॉक्टरांना सांगायला हवं होतं की डाळीत मीठ आहे. मी गेले नाही. कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता. तुला कसं कळलं? मी काय सांगणार होते? उष्टं खाऊन कळलं? सारं इस्पितळ हसलं असतं. शेवटी जात दाखवली म्हणाले असते. आणि दुसरा प्रश्न त्याहून वाईट. रजिस्टरात सही कुणाची आहे?

म्हणून मी गप्प बसले. गुरुवार गेला. गुरुवारीही मी सही केली. शुक्रवारी सकाळी सुकवारोला श्वास घेता येईना. तिला बसवून ठेवलं होतं, दोन बाजूंनी दोन नर्स, नाकाला नळी. ओठ निळे पडले होते. मी दारातून बघितलं. तिने मला बघितलं की नाही, ठाऊक नाही. तिथेच उभ्या उभ्या मी नर्सला सांगितलं की अळणी पातेल्यात मीठ पडतं आहे, ते आजचं कुणाला देऊ नका. ती माझ्याकडे बघत राहिली आणि डॉक्टरांकडे पळाली.

त्या संध्याकाळी घरी गेले. बाप पाळीवरून येऊन बाजेवर बसला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. सांडशी, मोरी, बादल्या, सही, वाटी. माय चुलीपुढे रडायला लागली. मला वाटलं, आता बाप उष्ट्यावरून मारतो की काय.

"वाटीतलं चाखलं, त्याचं मले काही नाही," तो म्हणाला. "बाईचा जीव जाऊन राहिला होता, तू तपासलं. पण सही कावून केली?"

मी म्हणाले, तक्ता अडला असता. नोकरी अडली असती.

"ठेकेदाराच्या कागदावर मी आंगठा लावत होतो, पोरी. त्यात काय लिवलं हाय, मले वाचता येत नव्हतं. म्हणून फसलो." त्याने स्वतःचा अंगठा बघितला. "तुले तर वाचता येत होतं."

त्याने जेवायला घेतलं नाही. मीही नाही.

शनिवारी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या खोलीकडे जाताना बाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं. हातात एक लिहिलेला कागद होता. चाखताना माझ्या लक्षात आलं नाही, क्षमा असावी, असं त्यात होतं. फक्त सही करायची. त्यांनी समजावलं की नव्या मुलीच्या जिभेची चूक कुणीही समजून घेईल, फार तर ताकीद मिळेल. दोन महिन्यांत प्रमाणपत्र हातात. इथेच साहाय्यकाची जागा निघते आहे, मी तुझं नाव घालीन. आणि खरंच घातलं असतं. त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

पुन्हा एक कागद. पुन्हा माझी सही. मला बापाचा अंगठा दिसला.

मी कागद त्यांच्या हातात परत दिला आणि आत गेले.

मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर चाखणीचं रजिस्टर उघडं होतं. त्यांनी माझ्या सहीवर बोट ठेवून विचारलं, ही तुमची? मी हो म्हणाले. मग मी काखेतली उष्ट्याची वही काढली, रजिस्टरशेजारी उघडून ठेवली आणि तारखा जुळवून दाखवल्या. ज्या आठवड्यात माझी सही, त्याच आठवड्यात अळणी वाट्या रिकाम्या. दोन महिने.

"सही माझी आहे, पण खोटी आहे," मी म्हणाले. "मी एकदाही चाखलेलं नाही. पहिल्या दिवशी महाराजांनी माझ्या हातातला डाव सांडशीने काढून भट्टीत घातला. तेव्हापासून मी दाराच्या आत गेलेली नाही. बाईंनी सही करायला सांगितली, मी केली. मिठाचं मला बुधवारी कळलं. सुकवारोच्या उष्ट्या वाटीतलं चाखून कळलं. लाज वाटली म्हणून दोन दिवस बोलले नाही. हा गुन्हा माझा."

खोलीत पंखा फिरत होता. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

महाराजांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. मान ताठ करून म्हणाले, "मीठ मीच टाकलं. आजारी माणसाच्या पानात बिनमिठाचं अन्न वाढणं पाप हाय. त्या बाईच्यानं घास गिळवत नव्हता, मले पाहवत नव्हतं. दुसऱ्या पोरी चाखतात, पुन्हा शिजवाले लावतात. हिच्या आठवड्यात कोणी चाखत नाही, म्हणून."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. सुकवारोची दया आली म्हणून त्यांनी तिला मीठ दिलं. मी बाटवीन म्हणून मला दाराबाहेर ठेवलं. दोन्ही एकाच मनाने, एकाच हाताने. या दोन गोष्टींचा मेळ त्यांना कधी घालावा लागला नव्हता. त्यांच्या पुण्यापायी आणि माझ्या लाचारीपायी एक बाई मरता मरता वाचली.

निकाल असा लागला. महाराजांना ताकीद. बाईंना काहीच नाही. माझं प्रशिक्षण अपूर्ण. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. मोठे डॉक्टर म्हणाले, "सही तुमची होती." ते चुकीचं बोलले नाहीत. पण ती सही माझ्याकडून घेणारी खुर्ची त्यांच्या शेजारीच होती आणि तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही, हे मी विसरलेली नाही.

सुकवारो महिन्याने घरी गेली. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. मी तिची माफी मागितली नाही. ती काय म्हणाली असती, हसलीच असती. म्हणून मागितली नाही. कुसुम प्रमाणपत्र घेऊन नागपूरला नोकरीला लागली. बापाने दुसरी पाळी आणखी सहा महिने ओढली. वस्तीत लोक विचारायचे, पोरगी नापास झाली का? तो म्हणायचा, नाही, पुन्हा शिकून राहिली.

बाईंनी मला रायपूरच्या इस्पितळात पाठवायची तयारी दाखवली. तिथे तुला कुणी ओळखत नाही, म्हणाल्या. मी नको म्हणाले. मला ओळखतात तिथेच जायचं होतं.

सुपेल्याच्या बाजारातून मी एक चमचा घेतला. साधा, स्टीलचा. नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी साडेदहाला मी स्वयंपाकघराच्या दारातून आत गेले. माझ्यामागे दोन नव्या मुली होत्या, कोट कडक इस्त्रीचे. भट्टीवर चार पातेली. महाराज समोर उभे. हातात तीच सांडशी.

बाई घाईने आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आजचा दिवस राहू दे. उद्यापासून बघू."

मी पहिल्या पातेल्यात चमचा बुडवला. डाळ जिभेवर ठेवली. मीठ ठीक होतं, हळद जरा जास्त. ते मी तसंच मोठ्याने सांगितलं.

आचाऱ्यांचे हात थांबले. महाराजांचा चेहरा काळा पडला. म्हणाले, "आता हे सारं पातेलं मोरीत फेका लागते."

"फेका," मी म्हणाले. "दुसरी शिजवा. तीही मी चाखीन."

ट्रॉली दारात उभी होती. वॉर्डात शंभर माणसं जेवणाची वाट बघत होती, आणि ते मला कळत होतं. त्या भुकेचा दोष माझ्यावर येणार, हेही कळत होतं. बाई घड्याळाकडे बघत होत्या. नव्या दोन मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या, आणि त्यांतली एक माझ्या हातातल्या चमच्याकडे टक लावून बघत होती. मी नळाखाली चमचा धुतला. रजिस्टर काखेत घट्ट धरलं. पेन कोटाच्या खिशात तसंच राहू दिलं आणि अळणीच्या पातेल्यापुढे जाऊन उभी राहिले.

महाराज त्या पातेल्याच्या आड उभे होते. ते तिथून हलेपर्यंत मी हलणार नव्हते. ज्या पातेल्यात माझा चमचा जात नाही, त्याच्यासाठी माझी सही नाही. तक्ता अडो, नोकरी अडो, ट्रॉली अडो.